वाऱ्याच्या दिवशी ग्रीक बेटावर पोहण्याचा किनारा कसा निवडावा

मराठवाड्यातील बहुतेकांचा समुद्राशी परिचय गणपतीपुळे, दापोली किंवा अलिबाग येथे झालेला असतो आणि तिथे पाण्यात उतरण्यापूर्वी पहिली चौकशी भरती-ओहोटीच्या वेळेची करायची, हे आपल्या अंगवळणी पडलेले असते. ग्रीसच्या एजियन समुद्रात ही चौकशी जवळजवळ निरुपयोगी आहे. तिथे भरती-ओहोटीचा फरक इतका अल्प असतो की किनाऱ्यावर बसलेल्या माणसाला तो जाणवतही नाही. एखादा किनारा आज पोहण्याजोगा आहे की नाही, हे तिथे वारा ठरवतो. म्हणून छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडहून जाणारी जी कुटुंबे सहलीचा आराखडा स्वतः तयार करतात, त्यांनी कोणत्या दिवशी कोणता प्रसिद्ध किनारा पाहायचा हे घरूनच ठरवून जाऊ नये. बेटाच्या वेगवेगळ्या दिशांना तोंड असलेले तीन-चार किनारे हेरून ठेवावेत आणि त्यांतला कोणता घ्यायचा, हे त्या दिवसाच्या सकाळी ठरवावे.

उन्हाळ्यात एजियन समुद्रावर जो कोरडा उत्तरेचा वारा वाहतो, त्याला मेल्टेमी म्हणतात. तो मे महिन्याच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत केव्हाही सुटू शकतो, पण त्याचा खरा जोर जुलै आणि ऑगस्टमध्ये असतो. बाल्कन प्रदेशावर हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानच्या भूभागावर कमी असला की या दोहोंमधून हवा दक्षिणेकडे ओढली जाते. तुर्कस्तानवरील हा कमी दाब म्हणजे आपल्याकडे पाऊस आणणाऱ्या मोसमी कमी दाबाच्या पट्ट्याचेच इराण-इराकमार्गे पश्चिमेकडे गेलेले टोक होय. मराठवाड्यातील शेतकरी ज्या काळात आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो, नेमक्या त्याच काळात तिकडे हा वारा घोंघावतो. मात्र तिथे त्याच्यासोबत ढग येत नाहीत. आकाश निळेभोर, ऊन लख्ख आणि समुद्र खवळलेला, असा तो देखावा असतो. त्यामुळे खिडकीतून आकाश पाहून हवामानाचा अंदाज बांधण्याची आपली सवय तिथे फसवी ठरते. एजियनच्या उत्तर भागात या वाऱ्याची दिशा साधारणपणे ईशान्येची असते, मिकोनोस, पारोस, नाक्सोस, सांतोरिनी या सायक्लाडीस बेटांवर तो उत्तरेकडून येतो, तर रोड्स आणि कोसच्या परिसरात तो वायव्येकडून किंवा पश्चिमेकडून येतो.

अंदाज वाचताना दोन गोष्टी पक्क्या ठाऊक असाव्यात. पहिली अशी की वाऱ्याची दिशा ज्या दिशेकडून तो येतो तिच्या नावाने सांगितली जाते. ‘उत्तरेचा वारा’ दक्षिणेकडे जातो, आणि नकाशावरील बाण पाहताना नेमका इथेच गोंधळ होतो. दुसरी गोष्ट म्हणजे ग्रीसमध्ये हॉटेलवाल्यापासून नावाड्यापर्यंत सगळे वाऱ्याचा जोर बोफर्टमध्ये सांगतात. ४ बोफर्ट म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटर. या वाऱ्यात मोकळ्या समुद्रावर पांढरे फेस ठिकठिकाणी दिसू लागतात, पण बहुतेक किनाऱ्यांवर सवयीच्या माणसाला पोहता येते. ५ बोफर्ट म्हणजे ताशी २९ ते ३८ किलोमीटर, आणि इथून पुढे किनारा निवडूनच जावे लागते. ६ बोफर्टला, म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटरला, छत्र्या उडतात आणि मुलांना घेऊन उघड्या किनाऱ्यावर जाण्यात काहीच अर्थ उरत नाही. ७ बोफर्टला फेरीबोटींची वेळापत्रके कोलमडू लागतात, त्यामुळे त्या दिवशी पोहण्याच्या आधी पुढच्या बेटावर जाण्याची काळजी करावी. विंडी किंवा विंडफाइंडर यांसारख्या अॅपमध्ये वाऱ्याचा सरासरी वेग आणि झोतांचा वेग वेगवेगळा दाखवलेला असतो. माझ्या मते पोहणाऱ्याने झोतांचाच आकडा पाहावा. सरासरी सौम्य आणि झोत जोरदार असा दिवस कागदावर दिसतो त्यापेक्षा पुष्कळ त्रासदायक निघतो.

दिशा कळली की नकाशा उघडावा. वारा पाण्यावरून जितका लांब पल्ला अडथळ्याविना कापतो, तितक्या लाटा मोठ्या होतात. आषाढात पश्चिमेचा वारा सुटलेला असताना नाथसागराच्या पश्चिम काठाला पाणी नुसते थरथरते आणि तोच वारा सगळा जलाशय ओलांडून पैठणला धरणाच्या भिंतीशी येतो तेव्हा लाटा आपटू लागतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यापेक्षा अधिक समजावण्याची गरज नाही. तेव्हा उत्तरेचा वारा असताना बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर कित्येक किलोमीटरवरून आलेल्या लाटा फुटतात, आणि दक्षिण किनाऱ्यावर वारा जमिनीवरून नुकताच पाण्यावर उतरत असल्याने पाणी सपाट असते.

तथापि, ‘उत्तरेचा वारा असेल तर दक्षिणेला जा’ हा नियम सुरुवातीपुरता ठीक आहे. बेटाची बाजू पाहण्यापेक्षा किनाऱ्याचे तोंड कुठे आहे आणि त्याच्या बाजूला जमिनीचा हात कसा पुढे आला आहे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे असते. पारोस बेटावर याची दोन्ही टोकाची उदाहरणे सापडतात. नाउसाचा उपसागर उत्तरेला उघडा आहे, पण त्याच्या कडेच्या भूशिराच्या आतल्या कुशीत असलेला मोनास्तिरी किनारा दक्षिणेकडे वळलेला असल्याने मेल्टेमीत तिथे चांगला आडोसा मिळतो. याउलट गोल्डन बीच बेटाच्या आग्नेय बाजूला असूनही पारोस आणि नाक्सोस यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून वारा दाबून येतो आणि किनाऱ्याला समांतर सणाणत जातो. विंडसर्फिंग करणाऱ्यांत हा किनारा प्रसिद्ध आहे, आणि ज्या किनाऱ्यावर शिडाच्या फळ्या भाड्याने देणारी शाळा आहे तो वाऱ्याच्या दिवशी आपल्यासाठी नाही, असे खुशाल समजावे. भूशिराच्या आडोशालाही मर्यादा असते. लाटा त्याच्या टोकाला वळसा घालून आत शिरतात, म्हणून अर्धवर्तुळाकार किनाऱ्यावर भूशिराच्या अगदी बगलेतला कोपरा निवडावा. दुसरे टोक पाचशे मीटरवर असले तरी तिथली स्थिती वेगळी असू शकते.

मिलोस बेट हे शिकण्यासाठी उत्तम आहे. सर्व छायाचित्रांत दिसणारे सारकिनिको, म्हणजे पांढऱ्या ज्वालामुखीय खडकांचा तो किनारा, उत्तरेला आहे. मेल्टेमीत तिथे खडकांवरून फिरावे, चित्रे घ्यावीत, पण पाण्यात उतरू नये. त्याच दिवशी दक्षिणेला फिरिप्लाका आणि पालेओखोरी येथे पाणी शांत असते. दक्षिणेचेच त्सिग्रादो मात्र दोर आणि शिडी धरून उतरावे लागणारे असल्याने आजी-आजोबांसोबत तिथे जाण्याचा विचार करू नये. मिकोनोसवर उत्तरेकडील फ्तेलिया शिडांच्या फळ्यांचे आहे, तर ओर्नोस, प्सारू आणि प्लातिस यालोस हे दक्षिणेचे किनारे बऱ्यापैकी सुरक्षित आहेत, अर्थात गर्दी आणि दर सहन करण्याची तयारी हवी. नाक्सोसची पोहण्याची वाळू पश्चिमेला आहे, आणि तिथे स्तेलिदाच्या भूशिरामागे असलेला आयिओस प्रोकोपिओस हा किनारा दक्षिणेकडच्या लांबलचक प्लाकापेक्षा अधिक झाकलेला आहे. रोड्सवर हिशोब बदलतो. तिथे वारा पश्चिम-वायव्येचा असल्याने इक्सिया आणि इयालिसोसकडे लाटा असतात, आणि पूर्वेला फालिराकी, त्साम्बिका, लिंदोस या पट्ट्यात पाणी निवांत असते. कोसवर केफालोसजवळचा दक्षिण किनारा घ्यावा.

उंच डोंगराचा आडोसा नेहमीच चांगला असतो, हा समज मात्र सोडून द्यावा. वारा डोंगरमाथ्यावरून दुसऱ्या बाजूला कोसळतो आणि घळींमधून अधिक वेगाने बाहेर पडतो. क्रीटच्या दक्षिण किनाऱ्यावर, जिथे मागे लेफ्का ओरीचा २,४५३ मीटर उंचीचा डोंगर उभा आहे, तिथे पाणी सपाट असूनही अचानक येणारे झोत पाण्याचे तुषार उडवत नेतात. प्लाकियास या गावावर मागच्या घळींमधून असा वारा नेहमी उतरतो. आडोशासाठी लहान टेकडी आणि आखूड भूशिर हेच सहसा अधिक भरवशाचे ठरतात.

आता ज्या धोक्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, त्याकडे वळू. आडोशाच्या किनाऱ्यावर वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पाणी काठाशी आरशासारखे असते, आणि म्हणूनच आपण बेसावध होतो. आपल्यापैकी अनेकजण विहिरीत, कमरेला डबा बांधून पोहायला शिकलेले असतात. विहिरीत कोणत्याही बाजूला चार हात मारले की कठडा किंवा पायरी हाताला लागते. इथे जसजसे आपण आत जातो तसतसा वारा वाढतो, परतताना तो तोंडावर येतो, आणि मुलांची हवा भरलेली ट्यूब किंवा गादी तर काही मिनिटांत माणसाच्या पोहण्यापेक्षा अधिक वेगाने खोल समुद्राकडे निघते. म्हणून अशा किनाऱ्यावर फुगवलेले काहीही पाण्यात नेऊ नये, सुटून गेलेल्या चेंडूमागे कोणीही जाऊ नये, आणि उभे राहता येईल एवढ्या खोलीत किनाऱ्याला समांतर पोहावे. त्यातल्या त्यात असा उपसागर निवडावा, ज्याचे तोंड वारा जातो त्या दिशेला सरळ उघडलेले नाही. वाहून गेलेली वस्तू तिथे समोरच्या काठाला लागते. अडचण आलीच तर ११२ हा युरोपभरचा आपत्कालीन क्रमांक आणि १०८ हा ग्रीक तटरक्षक दलाचा क्रमांक आहे. आपल्याकडे १०८ वर रुग्णवाहिका येते, त्यामुळे तो लक्षात ठेवणे सोपे आहे. याच जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्याचा आणखी एक परिणाम असा की तो वरचा कोमट थर समुद्राकडे ढकलतो आणि खालचे गार पाणी वर येते. ऑगस्टमध्येही शांत किनाऱ्यावर पाणी अनपेक्षित गार लागले तर त्याचे कारण हे असते.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर गाडीतून सामान उतरवण्याआधी पाच मिनिटे नुसते पाहावे. नांगरलेल्या शिडाच्या बोटींची नाके ज्या दिशेला आहेत तिकडून वारा येत असतो, आणि अशा बोटी बऱ्याच संख्येने मुक्कामाला आलेल्या असतील तर तो उपसागर आडोशाचा आहे, हे जाणत्यांनी आधीच ठरवलेले असते. झाडे एका बाजूला झुकलेली दिसली तर तिथे वारा नित्याचाच आहे. काठाशी पाणवनस्पती, प्लास्टिक आणि जेलीफिश साचले असतील तर वारा समुद्रावरून किनाऱ्याकडे येत आहे. बारीक वाळू जोरदार वाऱ्यात पायांना सुईसारखी टोचते आणि डब्यातल्या पोळीभाजीतही जाते, त्यामुळे अशा दिवशी गोट्यांचा किनारा बरा. अनेक किनाऱ्यांवर झाऊची झाडे असतात, त्यांच्यामागे सावली आणि आडोसा दोन्ही मिळतात. वाऱ्यामुळे अंग गार वाटते, पण ऊन तेवढेच लागते.

मेल्टेमी बहुधा दुपारी सर्वांत जोरात असतो, म्हणून नाश्ता मागे ठेवून सकाळी लवकर पोहून घ्यावे. मात्र वाऱ्याची जोरदार लाट आली की तो रात्रीही थांबत नाही आणि सलग काही दिवस चालतो. शिवाय वारा पडल्यावरही उघड्या किनाऱ्यावरच्या लाटा लगेच शमत नाहीत.

सहलीचा महिना अजून ठरायचा असेल, तर मे अखेर आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात वारा तुलनेने कमी असतो, पण पाणी थंड असते. दिवाळीची सुट्टी लवकर, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यावर येत असेल, तर पाणी अजून पोहण्याजोगे कोमट असते. त्या काळात दक्षिणेचे वारेही सुटतात आणि तसे झाले की वर सांगितलेला सगळा नकाशा उलटा धरावा. मिलोसचे सारकिनिको अशाच दिवशी पोहण्यासाठी मिळते. जुलै-ऑगस्टखेरीज सुट्टीच मिळत नसेल आणि सोबत लहान मुले असतील, तर पश्चिमेकडच्या आयोनियन समुद्रातील कॉर्फू, केफालोनिया किंवा झाकिंथोस या बेटांचा विचार करावा. तिथे दुपारी वायव्येचा वारा येतो, पण तो मेल्टेमीइतका दांडगा नसतो आणि सहसा संध्याकाळी उतरतो. सायक्लाडीसच पाहायचे असेल, तर मुक्काम बेटाच्या एका टोकाला न ठेवता मध्यभागी किंवा मुख्य गावात ठेवावा, कारण किनाऱ्यांकडे जाणाऱ्या बस बहुधा तिथूनच सुटतात आणि सकाळी अंदाज पाहून कोणत्याही बाजूला निघता येते.