डॉल्फिन किनाऱ्याला लागला तर, हात लावण्याआधी

किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या पोरांना माझं पहिलं सांगणं असतं: डॉल्फिन वाळूवर दिसला की आधी मागे व्हा, मग 1926 वर वनविभागाला फोन करा. कायद्याने तो वाघाइतकाच संरक्षित आहे. जिवंत डॉल्फिन असा वर आला, तर तो आजारी आहे असंच धरून चला. शेपटी धरून ओढत पुन्हा पाण्यात लोटू नका.

मी गुरांचा डॉक्टर. वार अडकलेल्या म्हशीला खांद्यापर्यंतचे हातमोजे चढवल्याशिवाय मी हात घालत नाही, ते ब्रुसेला या जिवाणूच्या धास्तीने. त्याच घराण्यातला ब्रुसेला सेटी डॉल्फिनमध्ये सापडतो. समुद्री सस्तन प्राण्यांतल्या ब्रुसेलाची पहिली नोंद 1994 ची. तो मेंदूपर्यंत पोचला की जनावराला धड पोहता येत नाही. मादीचा गर्भही पडतो. म्हणून मादीजवळ मेलेलं पिल्लू किंवा वार पडलेली दिसली, तर तिथे कुणालाही फिरकू देऊ नका. माणसाला हा जिवाणू क्वचितच बाधतो, पण बाधतो: ब्रिटनमधल्या प्रयोगशाळेतल्या एकाला झालेली लागण 1999 मध्ये नोंदली गेली.

वनविभागाची माणसं येईपर्यंत काय करायचं? गर्दी हटवा, कुत्री हाकला. वनविभागाने फोनवर सांगितलं तर हातमोजे आणि मास्क घालून अंगावर ओलं सुती कापड टाका, वर सावली धरा. डोक्यावरचं श्वासाचं छिद्र उघडं राहिलंच पाहिजे, त्यात पाणी जाता कामा नये. त्या छिद्रासमोर तोंड नेऊ नका, फवाऱ्यातून जंतू उडतात. हाताला जखम असेल तर दुसऱ्याला पुढे करा. सेल्फीसाठी पोर जवळ बसवलेलं पाहिलं की माझ्या पोटात गोळा येतो.

मेलेला असेल तर कापू नका, दात काढू नका. शवविच्छेदन पशुवैद्यानेच करावं, मरणाचं कारण तिथेच कळतं.

नंतर हात साबणाने चोळून धुवा. काही दिवसांत बोट जांभळट लाल होऊन ठणकू लागलं, तर एरिसिपेलोथ्रिक्स या जिवाणूच्या संसर्गाचा संशय घ्या. मासे हाताळणाऱ्यांनाही तो होतो आणि पेनिसिलिनने बरा होतो. ब्रुसेलाचा ताप मात्र कित्येक आठवड्यांनीही येतो: चढतो, उतरतो, रात्री घाम, कंबर धरते. त्याला दोन औषधं मिळून साधारण सहा आठवडे घ्यावी लागतात. तेव्हा दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांना आपणहून सांगा, ‘मी डॉल्फिनला हात लावला होता.’ रक्त तपासणाऱ्यालाही ते कळू द्या. ब्रुसेलाची लागण प्रयोगशाळेत सहज होते.