जुन्या स्पीडबोटीचा कुजलेला ट्रान्सम असा बदलला

बोट १९८० च्या दशकातली अमेरिकी, ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, मर्क्रूझर अल्फा वन ड्राइव्ह (आतल्या इंजिनची ताकद प्रॉपेलरला देणारा, बोटीच्या मागे बाहेर बसणारा भाग). ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भिंतीवर, हातोडीने टकटक केल्यावर खालच्या भागात बद्द आवाज येत होता; छोटं भोक पाडलं तर ओला, काळा भुसा. पाणी बहुतेकदा बोल्टांच्या भोकांतून शिरतं. बाहेरचा फायबरग्लासचा थर तसाच ठेवून लाकूड आतून काढलं.

ट्रान्समच्या जाडीत तडजोड नको: ५१ ते ५७ मिमी, आणि दोन्ही बाजू ३ मिमीच्या आत समांतर. बाहेरचा थर ५, मरीन प्लाय १८+१८+९, आतलं ग्लास ४, म्हणजे ५४. थर चिकटवायच्या इपॉक्सीत (दोन भाग मिसळून कडक होणारं रेझिन) सिलिकाची पूड मिसळून ती दाट करा. पातळ असली की ओघळते आणि मध्ये पोकळी राहते. बोल्टाचं प्रत्येक भोक आधी मोठं पाडून इपॉक्सीने भरा, मग त्यातच नेमक्या मापाचं पाडा. सगळ्यात महत्त्वाचं काम हेच.

इंजिन बसवल्यावर अलाइनमेंट बार (सरळ रेषा तपासायचा दांडा) गिंबल बेअरिंगमधून (ट्रान्समवरचं, ड्राइव्हचा शाफ्ट पेलणारं बेअरिंग) कपलरमध्ये (इंजिनच्या मागचा, शाफ्ट जोडणारा दातेरी भाग) हलक्या हाताने सरकला पाहिजे. अडकत असेल तर इंजिनचे पुढचे माउंट (आधार) वर-खाली करा. तसंच दामटलं तर कपलरचे दात झिजतात.

पूर्ण थ्रॉटलला आरपीएम कमी पडले तर कमी पिचचा (पिच म्हणजे एका फेऱ्यात प्रॉपेलर तत्त्वतः जितका पुढे सरकेल ते अंतर) प्रॉपेलर लावा. पिच एका इंचाने कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात.