रोजच्या वापरासाठी घडीचा चाकू निवडताना

खताच्या पोत्याची सुतळी कापण्यापासून बांधावर बसून मोसंबी सोलण्यापर्यंत मराठवाड्यात खिशातल्या चाकूला दिवसभर काम असते. या कामांसाठी 7 ते 8 सेंटिमीटर लांबीचे पातळ पाते पुरते. जाड पाते मजबूत वाटते खरे, परंतु ते फळ चिरण्याऐवजी फोडते.

कार्बन पोलादाला साध्या दगडावरही चटकन बारीक धार लागते, मात्र मोसंबीचा रस तसाच राहिला तर पाते काळवंडते आणि पावसाळ्यात गंजते. कामानंतर पाते पुसण्याची सवय नसेल, तर स्टेनलेस स्टील घ्यावे. फवारणीच्या औषधाची पाकिटे ज्या चाकूने कापली जातात, त्याने खाण्याची कोणतीही वस्तू कधीही कापू नये. त्या कामाला दुसरा, स्वस्तातला चाकू ठेवावा.

खरी पारख सांध्याची आहे. पारंपरिक चाकूला बहुधा लॉक नसते. मुठीच्या पाठीत बसवलेली पोलादी कमान पात्याच्या बुडाला दाबून ते उघडे किंवा मिटलेले राखते. म्हणून दुकानातच चाकू पूर्ण उघडावा, पाते दोन्ही बाजूंनी सपाट चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावे आणि खिळ्यापाशी ते डुगडुगत असेल तर किंमत कितीही कमी असली तरी तो चाकू परत करावा. नंतर तो उजेडासमोर धरावा. कमान आणि पात्याचे बूड यांच्या फटीतून उजेड दिसता कामा नये. मिटवताना पाते सावकाश खाली आणून धार आत कमानीवर टेकते का, हेही पाहावे, कारण तशी टेकत असेल तर ती दर वेळी त्याच जागी बोथट होते. मिटलेल्या चाकूचे टोक मुठीबाहेर डोकावत असेल, तर खिसा आणि बोट दोन्ही फाटतील.

टोकाने भोक पाडायचे काम वारंवार पडत असेल, तर बिनलॉकचे पाते बोटांवर मिटण्याचा धोका असतो. अशा वेळी फ्रान्सच्या ओपिनेल चाकूला 1955 पासून असते तशी, उघडे पाते अडकवून ठेवणारी फिरणारी कडी उपयोगी पडते. त्याची लाकडी मूठ भिजली की फुगते आणि पाते घट्ट होते, एवढे ध्यानात ठेवावे.

शस्त्र नियमांनुसार घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी नसलेल्या, 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याला परवाना लागू शकतो. खिशातला चाकू या मापांच्या पुष्कळ आत असतो. विमानप्रवासात मात्र तो हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानातच ठेवावा लागतो.