दौऱ्यावर जाणाऱ्या नाटकाची प्रकाशयोजना

एकांकिका स्पर्धांमधून मी व्यावसायिक नाटकाकडे वळलो, तेव्हा प्रकाशयोजना म्हणजे एकदा बसवून पूर्ण झालेली गोष्ट, अशीच माझी समजूत होती. प्रत्यक्षात मराठी नाटक आज एका गावी तर उद्या दुसऱ्या गावी असते. प्रत्येक नाट्यगृहात दिवे नव्याने लावावे लागतात आणि त्यासाठी नेपथ्य उभे राहत असतानाचे जेमतेम दोन-तीन तास हाती असतात. या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांनी शिक्षणाची सुरुवात या अडचणीपासूनच करावी, असे मला वाटते.

अमेरिकेतील स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी १९३२ साली मांडलेली पद्धत आजही पहिला धडा म्हणून शिकवली जाते. मंचाचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागावर समोरून, डाव्या-उजव्या बाजूंनी सुमारे ४५ अंशांच्या कोनात दोन दिवे टाकायचे, एक उबदार रंगाचा आणि एक थंड रंगाचा. मंचाचे सहा भाग धरले तरी केवळ चेहरे दिसण्यासाठी बारा दिवे खर्च होतात. समोरचा, दिवे टांगण्याचा बार मंचाच्या फार जवळ असेल तर प्रकाश डोक्यावरून पडून डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. तो दूर आणि खाली असेल तर चेहरा सपाट दिसतो आणि नटाची सावली मागच्या भिंतीवर चढते. प्रत्येक ठिकाणी हवे तेवढे दिवे मिळतीलच असे नाही, म्हणून आराखडा करतानाच प्रत्येक दिव्याला महत्त्वानुसार क्रम द्यावा. बारापैकी आठच दिवे मिळाले, तर ज्या कोपऱ्यात कोणी बोलत नाही तिथले दिवे मी आधी सोडतो. खिडकीतून येणारी सुंदर संध्याकाळही सोडतो, मन कितीही दुखले तरी.

हा क्रम तालमीत बसल्याशिवाय ठरत नाही. नट कोणत्या वाक्याला कुठे थांबतो, कोणाकडे पाठ करतो, याची नोंद संहितेच्या समासात करावी. दिवा जुळवताना नटाच्याच उंचीची व्यक्ती त्या जागी उभी करावी, कारण जमिनीवर पडलेले प्रकाशाचे वर्तुळ पाहून चेहऱ्याचा अंदाज येत नाही.

विजेचे गणित कंटाळवाणे असले तरी टाळता येत नाही. २३० व्होल्टवर १००० वॉटचा दिवा सुमारे साडेचार अँपिअर घेतो, म्हणजे डिमरच्या (दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या) दहा अँपिअरच्या एका चॅनेलवर असे दोनच दिवे जोडावेत.

माझी सर्वांत मोठी फजिती मात्र एका काळोखाने केली. पहिल्या अंकाच्या शेवटी आम्ही क्षणात ब्लॅकआउट करत असू. हॅलोजन दिव्याची तार विझतानाही क्षणभर लाल राहते, आणि आमचा नट त्या क्षणात दाराची चौकट हेरून बाहेर पडायचा. हे त्यालाही ठाऊक नव्हते आणि मलाही. एका नाट्यगृहात सगळे दिवे एलईडी होते. काळोख सुरीने कापल्यासारखा झाला, नट चौकटीवर आपटला आणि प्रेक्षकांना त्याचा उद्गार स्पष्ट ऐकू गेला. त्यानंतर मी बाहेर पडण्याच्या वाटेवर रेडियमच्या पट्ट्या लावू लागलो आणि तो क्यू, म्हणजे ठरल्या क्षणी होणारा प्रकाशातला बदल, दोन सेकंदांत उतरणारा केला.

त्याच नाट्यगृहात आणखी एक फरक लक्षात आला. हॅलोजन मंद केला की तांबूस होत जातो, म्हणून दिवेलागणीचा प्रवेश आपोआप खुलतो. साधा पांढरा एलईडी मंद केला तरी रंग जवळपास तोच राहतो आणि प्रवेश राखाडी वाटतो. तिथे अंबर, म्हणजे पिवळसर नारिंगी रंग वेगळा चढवावा लागला. आता माझ्या क्यू-शीटमध्ये अशा प्रवेशांसमोर दोन रकाने असतात, एक हॅलोजनचा आणि एक एलईडीचा, आणि नाट्यगृहात पोहोचल्यावर मी बॅग ठेवण्याआधी वर पाहून कोणता रकाना वापरायचा ते ठरवतो.