फ्रेंचमध्ये निरोप घेताना या चुका टाळा

फ्रेंच शिकायला येणाऱ्या पोरांना पहिल्याच आठवड्यात निरोपाचे सगळे प्रकार पाठ पाहिजे असतात, मग मोबाईलवरची कुठलीतरी यादी घोकतात आणि सगळ्यांचा अर्थ 'चला, भेटू' असाच धरून चालतात. अरे पण परत कधी भेटणार हे फ्रेंच माणूस निरोपातच सांगतो, ते कोण बघणार?

सगळ्यात जास्त वाट लागते ती 'आ तूतालर'ची. हे आजच, थोड्या वेळाने परत भेटणार असाल तरच म्हणायचं. माझी एक विद्यार्थिनी फ्रान्समधल्या ल्योंला मास्टर्सला गेली, शुक्रवारी संध्याकाळी लॅबमधून निघताना गाईड बाईंना झोकात 'आ तूतालर' म्हणाली आणि थेट रूमवर. बाईंना वाटलं ही काहीतरी घेऊन परत येतेय, त्या बिचाऱ्या कोट घालून थांबून राहिल्या, शेवटी फोन केला की येतेयस ना, तेव्हा हिचा कुकर लागलेला. सोमवारी माफी मागत फिरली. 'आ लँदी', म्हणजे सोमवारी भेटू, म्हटलं असतं तर विषयच संपला होता. मी तर भेटायचा दिवस माहीत असला की सरळ वारच सांगते, उद्या असेल तर 'आ दमँ', आणि काहीच ठरलं नसेल तर 'आ ब्यँतो'. बाकीचं नंतर शिका, घाई काय आहे!

'आ तूत स्वीत' म्हणजे अगदी पाच मिनिटांत येतोच.

'आ प्लूस', म्हणजे नंतर भेटू, हे दोस्तांसाठी, आणि त्यातला शेवटचा 'स' म्हणायचा. फ्रेंचमध्ये शेवटचं अक्षर गिळतात एवढंच ऐकून लोक इथेही गिळतात. प्रोफेसरला हे म्हणू नका.

'आद्य' नकोच. दक्षिण फ्रान्समध्ये किंवा स्वित्झर्लंडमध्ये काही ठिकाणी सहज म्हणतात, पण इतरत्र तो कायमचा निरोप वाटतो.

'बॉन न्वी' झोपायला जाताना. संध्याकाळी सातला दुकानातून निघताना 'बॉन स्वारे', म्हणजे संध्याकाळ छान जावो.

आणि बेकरीतून पाव घेऊन गुपचूप बाहेर पडणं, हे मला अजिबात चालत नाही. तिथे ते उद्धट दिसतं. 'मेर्सी, ओ रव्वार' (धन्यवाद, येते) एवढं तरी म्हणाच, आणि समोरून 'बॉन जुर्ने', म्हणजे दिवस छान जावो, आलं तर 'वू ऑसी', म्हणजे तुमचाही, म्हणून मगच दार उघडा.