राउटरच्या फर्मवेअरची माहिती सुधारताना

ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे राउटरमध्ये मूळ फर्मवेअरच्या (उपकरण चालवणाऱ्या अंगभूत सॉफ्टवेअरच्या) जागी बसवता येणारी मुक्त प्रणाली. तिच्या दस्तऐवजांत भर घालण्यापूर्वी राउटर उलटा करून तळाच्या लेबलवरील हार्डवेअर आवृत्ती जशीच्या तशी टिपावी. कारण मॉडेलचे नाव तेच असले, तरी व्ही२ आणि व्ही५ यांच्या आतील चिप वेगळी असू शकते. मूळ फर्मवेअरवरून येताना साधारणपणे फॅक्टरी इमेज (पहिल्यांदा बसवण्याची फाइल) लागते आणि नंतरच्या अद्ययावतीकरणाला सिसअपग्रेड इमेज, हा फरक पहिल्याच परिच्छेदात सांगावा.

आमच्या खानापूरकडे पावसाळ्यात विजेचा नेम नसल्यामुळे मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पुनर्प्राप्तीचा, म्हणजे फर्मवेअर बसवताना वीज जाऊन बंद पडलेला राउटर पुन्हा चालू करण्याचा भाग: टीएफटीपीसाठी (नेटवर्कवरून राउटरला फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीसाठी) संगणकाला कोणता आयपी पत्ता द्यावा, रीसेटचे बटण किती सेकंद दाबून धरावे आणि कोणता दिवा लुकलुकेपर्यंत थांबावे, हे स्वतः करून पाहिल्यावरच लिहावे. मराठी अनुवादात कमांड मात्र मुळातल्याच ठेवाव्यात.