हलगीला एक, गळ्याला दुसरा कंप्रेसर
सोलापुरात गड्डा यात्रेची गाणी घरच्या स्टुडिओत मिक्स करत असाल, तर कंप्रेसर (आवाजाचे मोठे चढ दाबणारं साधन) नाव बघून नको, अटॅक (दाब बसायला लागणारा वेळ) बघून निवडा. हलगीची थाप अंगावर यायला हवी ना? मग व्हीसीए (व्होल्टेजनं पातळी कमी-जास्त करणाऱ्या) प्रकारचा घ्या आणि अटॅक २० ते ३० मिलिसेकंद ठेवा. काडीचा पहिला ठोका तसाच सुटतो, दाब मागच्या घुमण्यावर पडतो. इथं ११७६ हा झटपट दाबणारा कंप्रेसर जपून वापरा. त्याचा सर्वांत संथ अटॅकही ८०० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे ठोकाच चेपायचा. शिवाय त्याची बटणं उलटी: उजवीकडे फिरवाल तसा वेग वाढतो! गायकाच्या आवाजाला मात्र एलए-२ए सारखा ऑप्टिकल (प्रकाशाच्या मदतीनं हळुवार दाबणारा) कंप्रेसर बरा. ३-४ डीबी (डेसिबल) दाबला तरी गळा मोकळा वाटतो.

मास्टरिंगला, म्हणजे तयार मिक्सवरच्या शेवटच्या कामाला, २:१ रेशो (ठरलेल्या पातळीवरची वाढ निम्मी करणारा), १-२ डीबी दाब, बस्स. जास्त लागतोय असं वाटलं तर मिक्सच पुन्हा उघडा.

दोन कंप्रेसर ताडून बघताना मेकअप गेननं (दाबून कमी झालेला आवाज परत वाढवणाऱ्या बटणानं) दोन्हींची पातळी सारखी करा, नाहीतर जो मोठ्यानं वाजतो तोच कानाला गोड लागतो. महागडं प्लगइन घेण्याआधी सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या साध्या कंप्रेसरवर एवढं करून बघाच.